इंजिनाचा पिवळा दिवा : सुटा भाग बदलण्यापूर्वी

मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा उजळला की वाहनधारकाच्या पोटात गोळा येतो. दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीप्रमाणे चालत असेल, तर निदानाची पहिली पायरी घरच्या अंगणातही पार पाडता येते. दिवा लुकलुकत असल्यास मात्र गाडी हाकत राहू नये. त्या वेळी एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नसते. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पोहोचते आणि तो महागडा भाग निकामी करू शकते.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या मोटारींत आणि त्याआधीच्याही अनेक गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट असते. त्यात ब्लूटूथ स्कॅनर बसवला की मोबाईलवर दोषाचा सांकेतांक दिसतो. त्याचे छायाचित्र आधी काढून ठेवावे. सांकेतांक पुसला, वा बॅटरीची वायर काढली, तर दोष उद्भवला त्या क्षणीचा वेग, इंजिनाचे तापमान आदी नोंदीही जाऊ शकतात. म्हणजे पुरावाच नाहीसा होतो.

खरी गफलत पुढे होते. सांकेतांक लक्षण सांगतो, नादुरुस्त भागाचे नाव नव्हे. ‘पी०१७१’ म्हणजे मिश्रणात हवा जास्त वा इंधन कमी. एवढ्यावरून ऑक्सिजन सेन्सर बदलणे म्हणजे वाईट बातमी आणणाऱ्या टपालवाल्यालाच दोष देणे. एअर फिल्टरपुढची रबरी नळी चिरली आहे का, हे आधी पाहावे. ते पाहायला पैसे पडत नाहीत. ‘पी०३०१’ पहिल्या सिलिंडरकडे बोट दाखवतो. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इग्निशन कॉइल असलेल्या गाडीत, इंजिन थंड व बंद असताना, पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी आणि सांकेतांक पुसून गाडी थोडी चालवावी. आता ‘पी०३०२’ आला तर दोष कॉइलसोबत सरकला, म्हणजे कॉइलच खराब. ‘पी०३०१’ कायम राहिला तर स्पार्क प्लग, वायरिंग वा इंजेक्टर तपासावा लागेल.

पावसाळ्यात कनेक्टरमध्ये शिरलेली ओल आणि बॉनेटखाली आसरा घेतलेल्या उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही हाच दिवा लावतात. मुसळधार पावसानंतर टॉर्च घेऊन तेवढे पाहिलेले बरे.

गाडी वॉरंटीत असेल तर कशालाही हात न लावता ते छायाचित्रच सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवावे, आणि सुटा भाग बदलण्याचा सल्ला मिळाल्यास तो कोणत्या चाचणीने सदोष ठरला, हे लेखी मागावे.