इटालियन नेमकी कोणाची?

इटालियन भाषा आणि संस्कृती हा पदवीचा मुख्य विषय आहे असे सांगितले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पिझ्झा, ऑपेरा आणि मायकेलअँजेलो उभे राहतात. पुढचा प्रश्नही ठरलेला : याचा उपयोग काय? दुभाष्याचे काम, पर्यटन, फॅशनच्या कंपन्या अशी उत्तरे देता येतात आणि ती खोटी नाहीत. पण तेवढ्यासाठी वर्ष-सहा महिन्यांचा वर्ग पुरतो. पदवीची तीन वर्षे ज्यासाठी खर्ची पडतात, त्याविषयी मात्र आपल्याकडे फारसे बोलले जात नाही.

मी हा विषय पेरूजाला शिकलो. मध्य इटलीतल्या उंब्रिया प्रांतातले हे डोंगरावरचे शहर. परदेशीयांना इटालियन शिकवण्याचे वर्ग तेथे १९२१ साली सुरू झाले आणि त्यांतूनच आजचे विद्यापीठ उभे राहिले. पदवीच्या वर्गात इटालियन मुलेही असतात. परीक्षा बहुतेक तोंडी. गुण तीसपैकी, अठराला पास. मिळालेले गुण मनास आले नाहीत, तर विद्यार्थी ते नाकारून पुन्हा परीक्षेला बसू शकतो. प्राध्यापक एका उत्तरातून दुसरा प्रश्न काढत जातात, त्यामुळे घोकंपट्टीचा निभाव लागत नाही.

साहित्य, कला, सिनेमा हे विषय असतातच. पण माझ्या मनावर खोल परिणाम केला तो भाषेच्या इतिहासाने. इटलीचे राज्य एक झाले १८६१ साली. त्या वेळी या नव्या देशात इटालियन बोलणारे किती होते? तुल्लिओ दे माउरो यांनी १९६३ च्या आपल्या ग्रंथात अंदाज दिला : शेकडा अडीच! १९८२ मध्ये आर्रिगो कास्तेल्लानी यांनी तो आकडा दहाच्या जवळपास नेला. दहा धरले, तरी नव्वद माणसे व्हेनिसची, नेपल्सची, सिसिलीची आपापली बोली बोलत होती. मग आपण जी शिकतो ती इटालियन आली कोठून?

ती आली चौदाव्या शतकातल्या फ्लॉरेन्समधून, आणि आली पुस्तकांतून. गंमत अशी, की दान्तेने लोकभाषेची बाजू मांडणारा ग्रंथ लिहिला तो लॅटिनमध्ये. त्यात त्याने इटलीतल्या चौदा बोली पारखल्या आणि एकीलाही पुरते गुण दिले नाहीत. स्वतःच्या तोस्कानालाही त्याने फटकारले. पुढे त्याच्याच महाकाव्याने फ्लॉरेन्सची बोली थोर केली. १५२५ साली पिएत्रो बेंबोने पद्यासाठी पेत्रार्का आणि गद्यासाठी बोकाच्चो हे आदर्श ठरवून दिले. हा बेंबो व्हेनिसचा. १५८३ मध्ये फ्लॉरेन्सला क्रुस्का अकादमी स्थापन झाली. क्रुस्का म्हणजे कोंडा. भाषेचे पीठ चाळून कोंडा वेगळा करायचा, ही त्यामागची कल्पना. तिचा शब्दकोश १६१२ मध्ये निघाला. मिलानच्या मांझोनीने १८२७ साली छापलेली आपली कादंबरी फ्लॉरेन्सच्या बोलण्याप्रमाणे सुधारली आणि १८४० ते १८४२ या काळात ती पुन्हा प्रसिद्ध केली.

आता हा कोंडा म्हणजे कोण, हा प्रश्न विचारायला विद्यार्थ्याला थोडा वेळ लागतो. अंतोनिओ ग्राम्शीला तो लवकर पडला असावा. सार्डिनियातून शिष्यवृत्तीवर तुरीनला आलेला हा गरीब मुलगा तेथे भाषाशास्त्र शिकत होता. पुढे मुसोलिनीच्या कैदेत १९३५ साली त्याने लिहिलेली शेवटची वही व्याकरणावर आहे. भाषेचा प्रश्न वर येतो तेव्हा त्यामागे सत्तेचे प्रश्न असतात, असे त्याचे म्हणणे. १९४८ मध्ये व्हिस्कोन्तीने सिसिलीतल्या खऱ्या कोळ्यांना घेऊन चित्रपट काढला. ते आपल्या बोलीत बोलले आणि उरलेल्या इटलीला कळावे म्हणून वर इटालियन निवेदन घालावे लागले! १९६७ मध्ये बार्बियाना या डोंगरातल्या वाडीवरच्या आठ मुलांनी, लोरेन्झो मिलानी या पाद्र्याच्या हाताखाली, एका शिक्षिकेला उद्देशून पुस्तक लिहिले. शाळा शेतकऱ्यांच्या पोरांना नापास करते, कारण ती त्यांची भाषा भाषा मानत नाही, हा त्यांचा आरोप. आणि तरीही त्यांची मागणी होती ती सर्वांची भाषा हातात येण्याची. बोलीचा मान आणि प्रमाणभाषेवरचा हक्क या दोन्ही गोष्टी त्यांना हव्या होत्या.

हे पुस्तक वाचताना मी वर्गातल्या वर्गात घरी पोचलो. आमच्याकडे वऱ्हाडी बोलतात. ‘काय करून राहिला?’ असे शाळेत तोंडून गेले, की वर्ग हसे. बोलीविज्ञानाच्या तासाला प्राध्यापकांनी प्रत्येकाला आपल्या घरची बोली फळ्यावर मांडायला सांगितली. बारीचा एक मुलगा म्हणाला, ‘माझी आजी बोलते ते चुकीचे इटालियन.’ प्राध्यापकांनी त्याला थांबवले. आजीची बोली इटालियनमधून बिघडून निघालेली नाही, दोघी लॅटिनच्याच लेकी आहेत, हे त्यांनी उच्चारांचे नियम मांडून दाखवले. माझी पाळी आली तेव्हा मी ‘करून राहिला’ची रचना मांडली आणि कोणी हसले नाही.

मराठीची गोष्ट तर आणखी विचार करायला लावणारी आहे. तेराव्या शतकातला ‘लीळाचरित्र’ हा आपला आद्य गद्यग्रंथ वऱ्हाडात, ऋद्धिपूरला रचला गेला. फ्लॉरेन्सला जुन्या ग्रंथांच्या बळावर प्रमाणभाषेचा मान मिळाला. वऱ्हाडाकडे जुना ग्रंथ होता, पण मान पुण्याकडे गेला, कारण एकोणिसाव्या शतकात शाळा, छापखाने आणि पंडित तेथे होते. ग्रंथ किती जुना यापेक्षा शाळा कोणाच्या हातात, यावर पुष्कळ ठरते. हे मला पेरूजाला कळले, याचे आता नवल वाटत नाही. आपल्या घरातली भांडणे पुष्कळदा शेजारच्या घरात बसूनच नीट ऐकू येतात.

म्हणून हा विषय घेऊ पाहणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच, की नोकरीचा हिशेब जरूर करा. दिल्ली विद्यापीठात इटालियनची ऑनर्स पदवी घेता येते, इटलीला जायलाच हवे असे नाही. पण तीन वर्षे द्यायची, तर भाषेचा इतिहास आणि बोलींचा अभ्यास टाळू नका. आपल्याकडे एक कामही पडून आहे. सावरकरांनी १९०७ साली मॅझिनी मराठीत आणला तो इंग्रजीवरून. पुढेही इटालियन साहित्य आपल्याकडे येत राहिले ते बहुधा त्याच वाटेने. व्हिस्कोन्तीच्या कोळ्यांचे बोलणे इंग्रजीत सपाट होऊन जाते. ते मालवणीत किंवा अहिराणीत कसे उतरेल, हे मूळ ऐकू शकणारा मराठी माणूसच ठरवू शकेल. असे दहा जण तयार झाले, तरी उपयोग काय, हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या हाती वाचायला काहीतरी देता येईल.