बारा नंबरचा हर्निया

वॉर्डात नवा आलेला इंटर्न पहिल्या आठवड्यात पेशंटला गाव विचारतो, सोबत कोण आलंय ते विचारतो. सहा महिन्यांनी तसाच पेशंट त्याच्या लेखी ‘बारा नंबरचा हर्निया’ असतो. निम्मी ही डॉक्टरी बोलीच. पण समोरच्या माणसाचं काहीच वाटेनासं झालं, तर ते बर्नआउटचं लक्षण असू शकतं.

हा शब्द मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये वापरात आणला. पुढे ख्रिस्तिना मास्लाक यांनी त्याच्या तीन बाजू मांडल्या : भावनिक थकवा, माणसांविषयी कोरडेपणा आणि ‘आपल्याला काही जमत नाही’ ही भावना. साधा शीण एक रविवार झोप काढली की उतरतो. हा उतरत नाही. जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार म्हणत नाही, कामाच्या ठिकाणी साचलेल्या ताणाचा परिणाम म्हणते.

म्हणूनच ‘योगा कर’ असं सांगून हात झटकणं मला पटत नाही. साडेचार वर्षांचा अभ्यास, वर्षभराची इंटर्नशिप आणि डोक्यावर नीट-पीजी. रात्रभर सलाइनी लावून, रक्ताचे नमुने लॅबला पोचवून आलेली मुलगी ड्युटी रूममध्ये चहा निवत ठेवून एमसीक्यू सोडवत बसते. पुढे रेसिडेन्सी आहेच.

जगणंच नकोसं वाटू लागलं, तर मात्र त्याला नुसतं बर्नआउट समजू नये. ते नैराश्य असू शकतं. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलता येतं.