विश्लेषण : मुलांना आपला तालुका कसा समजावून सांगायचा? सेलूच्या मुलांसाठी इंग्लंडमधील ‘डिस्ट्रिक्ट’चा धडा

इंग्रजी पुस्तकात ‘डिस्ट्रिक्ट’ हा शब्द आला की मुले त्याचा अर्थ ‘जिल्हा’ असा लिहून मोकळी होतात. भारतापुरते ते बरोबर आहे. इंग्लंडच्या बाबतीत मात्र हा अर्थ चुकतो. तेथील डिस्ट्रिक्ट आपल्या तालुक्याच्या जवळचा असतो आणि जिल्ह्याच्या जागी ‘काउंटी’ असते. हा फरक समजावून सांगताना वर्धा जिल्ह्यातील सेलूसारख्या तालुक्याचा कारभारही मुलांना उलगडून दाखवता येतो. शिवाय काही प्रश्न असे निघतात, की त्यांची उत्तरे मोठ्यांनाही शोधावी लागतात.

इंग्लंडमधील डिस्ट्रिक्ट म्हणजे नेमके काय?

शेक्सपिअरचे गाव स्ट्रॅटफर्ड हे वॉरिकशायर काउंटीतील एका डिस्ट्रिक्टमध्ये येते. गावाची टाऊन कौन्सिल, त्यावर डिस्ट्रिक्ट कौन्सिल आणि त्यावर काउंटी कौन्सिल, अशी ही तीन पायऱ्यांची रचना आहे. सध्याची डिस्ट्रिक्टची व्यवस्था १९७२ च्या कायद्याने ठरली आणि १ एप्रिल १९७४ पासून अमलात आली. घराघरांतला कचरा उचलणे, घरबांधणीला परवानगी देणे ही कामे डिस्ट्रिक्ट कौन्सिल करते. शाळा, वाचनालये आणि बहुतेक रस्ते काउंटीकडे असतात. घराचा कर डिस्ट्रिक्ट गोळा करते आणि त्यातला वाटा इतर संस्थांना देते. संपूर्ण इंग्लंडमध्ये हीच पद्धत नाही. अनेक ठिकाणी डिस्ट्रिक्ट आणि काउंटी मिळून एकच संस्था केलेली आहे.

सेलूत याच्या जागी काय आहे?

ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद या आपल्याकडच्या तीन पायऱ्या. ग्रामपंचायतींचा कायदा १९५८ चा, तर जिल्हा परिषद व पंचायत समित्यांचा १९६१ चा. १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. वर्धा जिल्ह्यात आठ तालुके आहेत : वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर. परभणी जिल्ह्यातही सेलू नावाचा तालुका आहे. त्यामुळे मोबाइलवर ‘सेलू’ शोधणाऱ्या मुलाला आधी जिल्हा विचारावा लागतो. ओळखीची सुरुवात इथूनच करता येईल.

जिल्हा परिषदेच्या निवडणुकीसाठी तालुक्याचे ‘गट’ पाडतात. प्रत्येक गटाचे दोन ‘गण’ होतात. गटातून जिल्हा परिषदेचा एक सदस्य निवडून येतो आणि गणातून पंचायत समितीचा एक. पंचायत समितीचे प्रमुख सभापती, तर प्रशासन गटविकास अधिकाऱ्यांकडे. २०११ पासून या संस्थांमधील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत.

मग तहसीलदार कोण?

मुलांचा सर्वाधिक गोंधळ इथे होतो. सातबारा, दाखले, जमिनीची प्रकरणे हे काम तहसील कार्यालयाचे. ते राज्य सरकारच्या महसूल खात्याचे कार्यालय आहे आणि तहसीलदार निवडून येत नाहीत. पंचायत समितीवर मात्र लोकांनी निवडलेले सदस्य असतात. इंग्लंडच्या डिस्ट्रिक्टमध्ये तहसीलदारासारखे पद नाही. आपल्या तालुक्यात एकाच वेळी दोन व्यवस्था चालतात, एक सरकारने नेमलेली आणि दुसरी लोकांनी निवडलेली. दोन्हींच्या दारावर ‘सेलू’ हेच नाव असल्याने हा फरक मुलांना वेगळा सांगावा लागतो.

सेलू शहरातील मतदाराचे मत कुठे?

तालुक्याच्या गावी पंचायत समितीचे कार्यालय असते, पण शहरातील रहिवासी तिच्या निवडणुकीत मत देत नाहीत. सेलू शहराला नगर पंचायत आहे आणि तालुक्यातील सिंदी (रेल्वे) येथे नगर परिषद. शहरी संस्थांचा भाग जिल्हा परिषदेच्या गट-गणांत धरत नाहीत. विठ्ठल-रुक्मिणीच्या मंदिरासाठी ओळखले जाणारे घोराड आणि गणपतीचे केळझर ही गावे ग्रामीण भागातली, म्हणून तेथील मतदार ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद अशा तिन्ही ठिकाणी मत देतात. सेलू शहरातील मतदार नगर पंचायतीच्या १७ नगरसेवकांपैकी आपल्या प्रभागाचा एक निवडतो. एकाच वर्गात शेजारी बसणाऱ्या घोराडच्या आणि सेलूच्या मुलांच्या घरी वेगवेगळ्या निवडणुकांचे उमेदवार का येतात, याचे उत्तर इथे मिळते.

तालुका पूर्वीपासून असाच होता का?

नाही. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा झाला. पुढे बराच काळ त्यात वर्धा, आर्वी आणि हिंगणघाट या तीनच तहसिली होत्या. सेलू तेव्हा वर्धा तहसिलीत होते. जुन्या मध्य प्रांतात १९४८ च्या कायद्याने तहसील पातळीवर ‘जनपद सभा’ आल्या. १९६२ मध्ये त्यांची जागा पंचायत समितीने घेतली. घरात ऐंशीच्या पुढचे आजी-आजोबा असतील तर ‘जनपद’ हा शब्द त्यांना विचारून पाहावा. पुस्तकात नसलेला इतिहास मुलांना घरातच मिळेल.

शाळेत किती शिकवले जाते?

बालभारतीने तिसरीच्या परिसर अभ्यासाची जिल्हावार पुस्तके काढली. मुलाने आधी आपला जिल्हा ओळखावा, हा त्यामागचा विचार. स्थानिक शासनाची ओळख पुढे सहावीच्या नागरिकशास्त्रात होते. मात्र संस्थांची नावे पाठ झाली तरी बंद पडलेल्या दिव्याची तक्रार कुठे करायची, हे मुलाला समजतेच असे नाही.

त्यासाठी गावातून एक फेरी पुरते. नागपूर-वर्धा रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे, म्हणजे तो केंद्राच्या अखत्यारीत. गावातील गल्ली आणि तिथला दिवा ग्रामपंचायतीचा किंवा नगर पंचायतीचा. मराठी प्राथमिक शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र सहसा जिल्हा परिषदेचे. बोर धरण जलसंपदा विभागाकडे. २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेले बोरचे जंगल वनविभागाकडे. मुलांनी वहीत दोन रकाने करावेत : ‘काय पाहिले’ आणि ‘कोणाचे’. दुसरा रकाना भरण्यासाठी फलक वाचावे लागतात आणि मोठ्यांना विचारावे लागते. घरपट्टीची पावती पाहिली तर कर कोणाकडे जातो हेही कळते. पंचायत समिती इंग्लंडच्या डिस्ट्रिक्टसारखा घरोघरी कर घेत नाही. तिचा कारभार मुख्यतः वरून येणाऱ्या निधीवर चालतो.

हे आताच का महत्त्वाचे?

मार्च २०२२ च्या सुमारास राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदा आणि त्यांच्यासोबत पंचायत समित्यांची मुदत संपली. निवडणुका लांबल्या आणि तेथे प्रशासक आले. तेव्हा पहिलीत असलेले मूल चौथीत गेले, तरी कारभार अधिकाऱ्यांच्याच हाती होता. ‘सभापती’ हा शब्द अशा मुलाला पुस्तकातच भेटतो. इंग्लंडमध्येही उरलेल्या दोन पायऱ्या मोडून एकच संस्था करण्याचा प्रस्ताव सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये मांडला. गावाजवळची संस्था असावी की मोठी, हा वाद तिथे उघडपणे चालू आहे. आपल्याकडे संस्था कागदावर कायम राहिली, पण तिथे बसणारे लोकप्रतिनिधी अनेक वर्षे नव्हते.

मुले काय करू शकतात?

मुलांना मत नसले तरी प्रश्न विचारता येतात. काही गावांत ग्रामसभेआधी बालसभा होते आणि तिथे शाळेचे स्वच्छतागृह, खेळाचे मैदान, रस्त्यावरचा अंधार असे विषय मुले मांडतात. ग्रामपंचायतीने उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. यंदा ती कशावर खर्च झाली, हा प्रश्न सहावीतले मूलही विचारू शकते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या नेहमीच्या तारखा. त्या दिवशी पालकांनी मुलांना सोबत नेऊन मागच्या रांगेत बसवले, तरी नागरिकशास्त्राचा निम्मा धडा तिथेच शिकून होईल.