नोंदींचा रखवालदार : डेटाबेस प्रशासक

नोंद ही प्रशासनाची स्मृती होय. शेतकऱ्याचा सात-बारा, ग्रामपंचायतीचा नमुना ८, शाळेचे जनरल रजिस्टर, यांतील एक ओळ जरी नाहीशी झाली तरी कोणाचा तरी हक्क अडचणीत येतो. पूर्वी ही स्मृती कापडी दप्तरात बांधलेली असे. आज तिचा मोठा भाग संगणकात आहे. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा मिळू लागला. दप्तराची निगा अभिलेखपाल राखतो. संगणकातील माहितीसाठ्याची निगा राखणाऱ्यास 'डेटाबेस प्रशासक' म्हणतात.

सर्व काही किंवा काहीच नाही

माहिती परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांत मांडावी, हा विचार एडगर कॉड या शास्त्रज्ञाने १९७० मध्ये मांडला. आपल्या महसुली दप्तराशी परिचित असणाऱ्यास तो परका वाटू नये. गाव नमुना ६ मधील फेरफार प्रमाणित झाला की त्याचा परिणाम नमुना ७ वर उमटतो, तसेच हे नाते असते. समजा, खरेदीखताची नोंद करताना विकणाऱ्याचे नाव कमी झाले आणि घेणाऱ्याचे नाव चढण्यापूर्वीच वीज गेली, तर जमीन कोणाची? असा घोटाळा होऊ नये म्हणून अशी नोंद एकतर पूर्ण होते, नाहीतर मुळीच होत नाही. ही शिस्त अबाधित ठेवणे, नोंद कोणी पाहावी व कोणी बदलावी हे अधिकार आखून देणे आणि प्रत्येक बदलाचा माग ठेवणे, ही प्रशासकाची नित्याची कामे होत.

दिनक्रम

ठाणे स्थानकानजीकच्या नौपाड्यात, गोखले मार्ग व राम मारुती मार्गाच्या परिसरात, नोकरदार कुटुंबांची जुनी वस्ती आहे. अशा वस्तीतून कामावर जाणाऱ्या डेटाबेस प्रशासकाचा दिवस इतरांहून वेगळा असतो. दुरुस्तीची मोठी कामे लोकांची गैरसोय टाळण्यासाठी रात्री वा सुटीच्या दिवशी करावी लागतात. काम चोख झाले तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही; चुकले तर मात्र बँकेच्या खिडकीपासून तहसील कार्यालयापर्यंत रांगा थांबतात.

त्याचा सर्वांत महत्त्वाचा नियम साधा आहे: प्रत काढून ठेवणे पुरेसे नाही, तिच्यावरून नोंदी पुन्हा उभ्या करून पाहिल्या पाहिजेत. दुसरा नियम असा की, मूळ आणि प्रत एकाच छपराखाली नसावी. २६ जुलै २००५ चा जलप्रलय आठवणाऱ्या मुंबई-ठाणेकरांना याचे कारण सांगावयास नको.

ज्ञानाची देवघेव

या व्यवसायात परस्परसाहाय्याची परंपरा आहे. कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात १९८६ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पातून 'पोस्टग्रेस' ही प्रणाली निर्माण झाली. आज जगभरचे जाणकार ती मिळून जोपासतात आणि कोणीही ती विनामूल्य वापरू शकतो.

हेच कौशल्य शेजाऱ्यांच्याही उपयोगी पडू शकते. नौपाड्यातील जुन्या इमारतींचा पुनर्विकास होत आहे. अशा वेळी सहकारी गृहनिर्माण संस्थेचे सभासदत्वाचे 'आय' व 'जे' नमुने अद्ययावत नसतील, तर मूळ सभासदाच्या वारसांना नाहक हेलपाटे पडतात. ठाण्यात १८९३ मध्ये स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या संग्रहांनाही नीट सूचीची जोड हवी असते. महिन्यातील एखादा रविवार अशा कामास देणारा जाणकार गावाची मोठी सेवा करू शकतो.

आपण काय करावे?

संगणक नसला तरी ही शिस्त पाळता येते. प्रत्येक नोंदवहीसाठी एक जबाबदार व्यक्ती नेमावी. एकाचा परवलीचा शब्द दुसऱ्याने वापरू नये. प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवावी आणि ठरावीक दिवशी ती उघडून तपासावी. नागरिकांची माहिती अनावश्यक गोळा करू नये वा उघड करू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाचाही रोख हाच आहे.

यंत्र नोंद साठवील. परंतु तिचा विश्वास राखण्याचे काम माणसाचेच आहे. ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक आणि कर्मचारी हेही या अर्थाने नोंदींचे रखवालदारच होत.