कंपनी म्हणते २२, गाडी देते १५. मग मायलेज मोजायचं तरी कसं?

गाडी घेताना पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती देते?" कागदावर २२ लिहिलेलं असतं. दोन महिन्यांत हिशोब १५ वर येतो. मग कुणी गॅरेज गाठतं, कुणी पंप बदलतं, कुणी पेट्रोलमध्ये टाकायची बाटली विकत आणतं. पण तो १५ चा आकडा तरी बरोबर मोजलाय का, हे कुणी बघत नाही.

२२ येतात कुठून?

पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रस्त्यावर नाही, तर रोलरवर पळवली जाते. ही चाचणी ११८० सेकंदांची, म्हणजे जेमतेम २० मिनिटांची. वेग जास्तीत जास्त ९० आणि एसी बंद. ना खड्डे, ना घाट, ना सिग्नलवर घुसणारी रिक्षा. हा आकडा खोटा नसतो. दोन गाड्यांची तुलना करायला तो कामाचा आहे, पण तुमच्या रस्त्यावर तेवढंच मिळेल अशी हमी तो देत नाही.

घरी कसं मोजायचं?

टाकी फुल करा. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबा, वरून थेंबही नको. किलोमीटरचं रीडिंग लिहून ठेवा. रोजच्यासारखी गाडी चालवा आणि टाकी बरीच रिकामी झाली की त्याच पंपावर, त्याच मशीनवर, तसंच भरा. चाललेले किलोमीटर भागिले आता भरलेले लिटर, हे तुमचं मायलेज.

घाई मात्र नको. समजा ७५ किलोमीटरला खरंतर ५ लिटर लागलं, पण नोझल अर्धा लिटर आधीच बंद झालं. मायलेज १५ ऐवजी थेट १६.७ दिसेल. तीच चूक ४५० किलोमीटर आणि ३० लिटरवर झाली, तर आकडा १५.२५ येईल. अंतर जितकं जास्त, तितकी चूक कमी.

बाटलीचा किंवा नव्या टायरचा फरक बघायचा असेल, तर एका वेळी एकच गोष्ट बदला. रस्ता, वेळ, माणसं, एसी सगळं तेच ठेवा. पुण्याहून मुंबईला जाताना बोरघाट उतरायचा असतो, येताना चढायचा. त्यामुळे जाऊन-येऊन मोजा, तेही दोन-तीनदा. पैसे खर्च केले की माणूस नकळत जपून चालवतो आणि श्रेय बाटलीला मिळतं. म्हणून जमलं तर बाटली कधी टाकली हे चालवणाऱ्याला सांगूच नका.

मग मायलेज वाढतं कशाने?

सगळ्यात जास्त फरक उजव्या पायाने पडतो. लांबचा सिग्नल लाल दिसला की ॲक्सिलरेटर सोडा. जोरात पळवून करकचून ब्रेक मारला की जाळलेलं पेट्रोल ब्रेकच्या उष्णतेत जातं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ८० वरून १०० वर गेलात तर तो सुमारे ५६ टक्के जास्त. टायरमधली हवा दरवाज्याजवळच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढी ठेवा.

उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचतं, हा समज मात्र सोडा. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर तसाच ठेवून पाय उचलला की इंधन जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. वर घाटात सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापून निकामी झाले तर जिवावर बेतू शकतं.

महिन्याला १००० किलोमीटर चालणारी गाडी १५ वरून १८ वर आली, तर ११ लिटर वाचतात. लिटरला १०० रुपये धरले तरी ११०० रुपये.

त्यामुळे पुढच्या वेळी कुणी "आपली तर २० देते" म्हणालं, तर एवढंच विचारा, किती किलोमीटरवर मोजलं, कुठल्या रस्त्यावर आणि एसी चालू होता का?