दोनशे वॉटचा वैल

न्यू जर्सीतल्या मावसबहिणीने परवा तीन स्लो कुकरचे फोटो पाठवले. एक साध्या खुंटीचा, एक बटणांचा, एक मोबाइलवरून चालणारा. खाली प्रश्न : "दादा, घरात चार माणसं, दोघंही ऑफिसला. कोणता घेऊ?" इंजिनिअर भावाला अशी कामं लागतातच. पाच मिनिटांत उत्तर द्यावं म्हणून माहिती उघडली आणि एका आकड्यापाशी अडकलो. पाच-सहा लिटरचं हे भांडं मंद आचेवर वीज घेतं साधारण २०० वॉट. इस्त्री हजार वॉट खाते, इंडक्शनची शेगडी दोन हजारांच्या आसपास. २०० वॉट म्हणजे जुने पिवळे साठचे बल्ब तीन आणि वर थोडंसं. एवढ्या उबेवर घरादाराला पुरेल एवढं मटण शिजतं?

गणित करून पाहिलं. चार लिटर रस्सा २५ अंशांवरून ९५ अंशांवर न्यायचा, तर २०० वॉटला दीड तासाहून जास्त वेळ लागतो, तोही उष्णतेचा कणही वाया गेला नाही तर. पण उष्णता गळतेच. गळक्या बादलीवर बारीक नळ सोडलाय असं समजा. पाणी चढत जातं, चढतं तसं गळणंही वाढतं, आणि एका उंचीवर आत येणारं आणि बाहेर जाणारं सारखं होऊन पातळी थांबते. उत्कलनबिंदूजवळ तर वाफेच्या रूपाने हे गळणं एकदम वाढतं. म्हणून गंमत अशी, की बहुतेक स्लो कुकरांत 'लो' आणि 'हाय' शेवटी जवळजवळ एकाच तापमानाला पोचतात, उकळीच्या जरासं अलीकडे. 'हाय' लवकर पोचतो, 'लो' रमतगमत. मी इतकी वर्षं 'लो' म्हणजे कमी गरम असंच समजत होतो.

आता मटण. जो अवयव जास्त राबतो तो जास्त चिवट, कारण त्यात कोलॅजन नावाचं पीळदार प्रथिन जास्त. म्हणून पाय, खांदा, नळीलगतचं मांस घाईने शिजवलं तर दात दुखतात. तापमान ६०-६५ अंशांवर गेलं की स्नायूंमधली प्रथिनं आवळतात, आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात, आणि मांस वातड होतं. इथे बरेच जण हरतात, अजून थोडा वेळ ठेवायचं सोडून गॅस बंद करतात. त्यापुढच्या तासांत कोलॅजनचा पीळ हळूहळू सुटतो आणि त्याचं जिलेटिन होतं. पाया सूप फ्रीजमध्ये ठेवलं की दुसऱ्या दिवशी वाटीत थरथरतं, ते त्यामुळेच.

या पिळाची उकल झाली ती आपल्या देशात, मद्रासला. जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४ मध्ये दाखवून दिलं, की कोलॅजनचा रेणू तीन पदरांचा असतो. तिपेडी वेणीच, फक्त वेणीत पेड एकमेकांवरून जातात आणि इथे तिघांनी मिळून पीळ घातलेला असतो. त्यासाठी त्यांनी वापरलेला नमुना होता कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेचा! ऑस्ट्रेलियातली शेपटी, मद्रासची प्रयोगशाळा, आणि न्यू जर्सीत शिजणारा पाया. तीन पदर इथेही आहेतच.

मग प्रेशर कुकर काय वाईट? काहीच नाही. तो दाब वाढवून पाण्याला १२० अंशांपर्यंत नेतो आणि तोच पीळ पाऊण तासात सोडवतो. तुरीचं वरण करायला स्लो कुकर घेणाऱ्याला मी वेड्यात काढीन. विजेची बचत म्हणून घेणार असाल तर तेही सोडा. २०० वॉट आठ तास म्हणजे १.६ युनिट, इंडक्शनची शेगडी पाऊण तास पूर्ण जोराने चालवल्यासारखंच. फरक निराळा आहे. प्रेशर कुकरला शिट्ट्या मोजणारं माणूस लागतं. स्लो कुकरला कोणीच लागत नाही. ही राखण नसलेली आच आहे, आणि तिचा जन्मही तशाच गरजेतून झाला.

व्हिल्ना, म्हणजे आजचं लिथुआनियातलं व्हिल्नियस. तिथल्या ज्यू घरांत शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी रात्रीपर्यंत चूल पेटवायची नाही, हा सब्बाथचा धार्मिक नियम. पण शनिवारी दुपारी गरम जेवण तर हवं. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मांस, घेवडा, सातू, बटाटे एका मडक्यात भरून ते बेकरीत नेऊन द्यायचं. पाव भाजून झालेली भट्टी विझत विझत रात्रभर उबदार राहायची, आणि दुसऱ्या दिवशी मडकं घरी यायचं. या पदार्थाचं नाव चोलंट. (शनिवार पाळणारे आपल्याकडेही होते. कोकणातल्या बेने इस्राएल लोकांचा तेलाचा घाणा त्या दिवशी बंद असे, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं.) व्हिल्नातल्या आजीच्या या मडक्याची गोष्ट अमेरिकेत जन्मलेल्या आयर्व्हिंग नॅक्सनने आईकडून ऐकली होती. तो पेशाने अभियंता. भट्टी नाही तर नाही, मडक्याच्या भोवतीनेच विजेची तार गुंडाळू, असं त्याने ठरवलं. १९३६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९४० मध्ये ते मिळालं. पुढे रायव्हल नावाच्या कंपनीने त्याचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ मध्ये तेच भांडं 'क्रॉक-पॉट' या नावाने शिकागोच्या प्रदर्शनात मांडलं. अमेरिकेतल्या बायका मोठ्या संख्येने नोकरीला बाहेर पडत होत्या तो हा काळ. सब्बाथसाठी शोधलेली युक्ती सोमवार ते शुक्रवार उपयोगी पडली.

तार भोवतीने आहे, हे महत्त्वाचं. आपल्या पातेल्याला आच खालून लागते, म्हणून ढवळलं नाही तर बुडाला लागतं. इथे भिंती तापतात, त्याही जाड चिनी मातीच्या, त्यामुळे करपायला जागाच उरत नाही.

आपल्याकडे हे काम वैलाने केलं. चुलीच्या कुशीतून काढलेलं दुसरं तोंड. जाळ भाकरीच्या तव्याखाली, आणि उरलीसुरली धग वैलावरच्या आमटीला. त्या आचेला काय म्हणायचं ते भाषेनेही जपून ठेवलंय. खदखदणं निराळं, रटरटणं निराळं. गुरगुट्या भाताचं तर नावच त्या आवाजावरून पडलं असावं असं मला नेहमी वाटतं. स्लो कुकर जास्तीत जास्त गुरगुट करतो. मधूनच एखादा बुडबुडा वर येतो, तोही संकोचाने.

आता बहिणीचा प्रश्न. माझ्या मते आपल्या स्वयंपाकासाठी पहिली अट भांड्याची. कांदा-खोबऱ्याचं वाटण खरपूस होतं ते १४० अंशांच्या वर, फोडणी त्याहून गरम. स्लो कुकर शंभरीही गाठत नाही, तेव्हा त्यात कच्चं वाटण घातलं तर आठ तासांनीही ते उकडलेलंच लागेल. म्हणून ज्याचं आतलं भांडं धातूचं आहे आणि थेट शेगडीवर ठेवून परतता येतं, तो घ्यावा. मातीचं भांडं असेल तर कढईत परतायचं आणि ओतायचं, एक भांडं जास्त घासायचं. फ्रीजमधलं गार मातीचं भांडं तापलेल्या कुकरात ठेवलं तर तडकतं, हेही आहेच. माप म्हणाल तर चौघांना पाच-सहा लिटर पुरे. तो अर्ध्याहून कमी भरू नये आणि काठोकाठही नको, वरचा तिसरा हिस्सा मोकळा सोडावा. 'मोठा असलेला बरा' हा आपला हिशेब इथे चुकतो, कारण तळाशी पडलेला वाटीभर रस्सा आटूनच जाईल.

एक गोष्ट मात्र मी तिला फोन करून सांगितली, मेसेजवर भागवली नाही. राजमा कच्चा घालायचा नाही. त्यात एक विष असतं, चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाब करायला पुरेसे. खळखळून उकळलं की ते मरतं, पण ८० अंशांच्या आसपास नुसतं गरम राहिलं तर उलट कित्येक पटींनी वाढू शकतं. स्लो कुकर कितीतरी वेळ त्याच टप्प्यात रेंगाळतो. पाच तास भिजवून, पाणी फेकून, अर्धा तास उकळी द्यायची, असं अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन सांगतं. आणि चिंच-कोकम शेवटी, आंबटात कडधान्य शिजत नाही. हे आजीही सांगायची, कारण न सांगता.

खुंटीचा की बटणांचा? खुंटी मला आवडते, बिघडायला तिच्यात काही नाही. पण राखण नसलेल्या आचेचा खरा प्रश्न असा, की मागे काय झालं ते कळणार कसं? दुपारी दोन तास वीज गेली आणि आली, तर खुंटीचा कुकर काही घडलंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होतो. मधल्या वेळात मटण कोमट राहिलं, जंतूंना हवं तसं, आणि संध्याकाळी ते दिसायला उत्तमच असतं. बटणांचे बरेचसे कुकर अशा वेळी बंद पडतात किंवा घड्याळ लुकलुकवत बसतात. चुगली तरी करतात. शिवाय वेळ संपली की आपोआप 'वॉर्म'वर जातात. मोबाइलवाला मी विचारातच घेतला नाही. भात झाला का हे ऑफिसातून बघायचं, तर मग राखणच आली की.

मावशीला सांगलीला तिथूनच एक आणायचा बहिणीचा बेत होता, तो रद्द करवला. तिकडचे कुकर १२० व्होल्टचे, आपली वीज २३० ची. वॉट व्होल्टच्या वर्गाने वाढतात, म्हणजे २०० चे सव्वासातशेच्या पुढे. मावशीचा वैल नव्हे, होळी झाली असती.

बटणांचा, धातूच्या भांड्याचा आला. शनिवारी सकाळी तिने पाये चढवले. तिला बजावलं होतं, झाकण उघडायचं नाही. झाकणाच्या कडेला साठलेलं पाणीच आतली वाफ अडवून धरतं, आणि एकदा उघडलं की गेलेली उष्णता भरून काढायला या २०० वॉटला वीस मिनिटं, अर्धा तास लागतो. माझ्या रात्री अकराला, तिच्या भर दुपारी, मेसेज आला : "दादा, एकदाच उघडलं." मग लगेच दुसरा : "दोनदा."