जुन्या गाडीला नवे स्टिअरिंग : शोभा चाकाची, भरवसा बॉसचा

मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून निवृत्त झाली. २००३ साली नोंदलेल्या शेवटच्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत तेव्हा संपली. त्याबरोबर या गाडीवर हात बसलेल्या अनेक मिस्त्रींचे रोजचे कामही गेले. तरीही हौसेने जपलेल्या खासगी पद्मिनी आणि ॲम्बॅसेडर गाड्या आजही आहेत, आणि त्यांचे मालक चांगल्या कारागिराच्या शोधात असतात. अशा मालकांची एक नेहमीची मागणी म्हणजे मूळचे पातळ, मोठे स्टिअरिंग व्हील काढून त्या जागी लाकडी किंवा चामडे मढविलेले लहान चाक बसविणे.

काम तासा-दोन तासांचे दिसते; पण गाडीत बसणाऱ्या सर्वांचा जीव त्यावर अवलंबून असतो. म्हणून ते कसे करावे, आणि कोणत्या वेळी करण्यास नकार द्यावा, हे गॅरेजवाल्याने व मालकानेही समजून घेणे आवश्यक आहे.

बॉस म्हणजे काय?

बाजारातील चाक थेट स्टिअरिंगच्या दांड्यावर बसत नाही. मध्ये एक जोडभाग लागतो, त्यास बॉस म्हणतात. दांड्याच्या टोकाला बारीक उभ्या खाचा असतात. बॉसच्या आतील खाचा त्यांत घट्ट बसतात आणि वरून मोठा नट कसला जातो. हाताचा जोर या खाचांतून पुढे जातो. नट केवळ बॉस वर येऊ देत नाही. त्यामुळे खाचांची संख्या, व्यास आणि उतार दांड्याशी तंतोतंत जुळलेच पाहिजेत.

बॉसच्या वरच्या बाजूला चाकाचे स्क्रू बसतात. येथेही फसगत होते. इटलीच्या मोमो कंपनीच्या चाकाला ७० मिलिमीटरच्या वर्तुळावर सहा छिद्रे असतात, तर नार्डीच्या नेहमीच्या चाकाला ७४ मिलिमीटरच्या वर्तुळावर. फरक अवघा चार मिलिमीटरचा. छिद्रे कानशीने लांबवून 'बसवून देणारे' भेटतात. पण अशा छिद्रात स्क्रू हलत राहतो आणि एके दिवशी ढिला पडतो.

पद्मिनीचे मूळ इटलीच्या फियाट ११०० मध्ये आहे. प्रीमियर कंपनीने ११०० डी ही गाडी मुंबईत १९६४ पासून बनविली. म्हणून 'फियाटचा बॉस' असे ऐकून कोणी विकत घेतो. तसे करू नये. बॉस आपल्याच गाडीच्या दांड्यावर हाताने बसवून पाहावा, मगच पैसे द्यावेत.

आकार निवडताना

पद्मिनीला पॉवर स्टिअरिंग नाही. मोठे चाक मूळ कारखान्याने हौसेखातर दिलेले नव्हते. जोर कमी लागावा म्हणून दिले होते. समजा ४०० मिलिमीटरच्या चाकाऐवजी ३५० चे बसविले, तर हाताला लागणारा जोर एक सप्तमांशाने, म्हणजे सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो. गर्दीत गाडी लावताना हा फरक खांद्याला जाणवतो. वयस्कर मालकास हे आधीच सांगावे. शिवाय अनेक पद्मिनींचा गियरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावरच असतो. चाक फार वर आले तर गियर व इंडिकेटर बोटांपासून दूर जातात. नव्या चाकाच्या आऱ्यांमधून वेगाचा काटा दिसतो की नाही, हेही पाहावे.

कामाचा क्रम

प्रथम बॅटरीची तार सुटी करावी, नाही तर हॉर्नच्या तारेत शॉर्ट होतो. पुढची चाके अगदी सरळ ठेवून दांडा व जुने चाक यांवर पंचने खूण करावी. खूण चुकली तर चाक वाकडे बसते. दांड्याला ३६ खाचा असतील तर एका खाचेची चूक म्हणजे १० अंशांचा तिरकेपणा.

नट सैल करावा, पण पूर्ण काढू नये; दोन-तीन आटे राहू द्यावेत. चाक अचानक सुटले तर तोंडावर येते. चाक काढण्यास पुलर वापरावा. खालून हातोडा मारण्याची सवय वाईट. तो मार दांड्यावाटे खाली स्टिअरिंग बॉक्सच्या बेअरिंगपर्यंत पोचतो.

जुने चाक निघाले की खाचा साफ करून तपासाव्यात. नवा बॉस बसवून नट टॉर्क पान्याने, गाडीच्या दुरुस्ती पुस्तकात दिलेल्या मापानेच कसावा. चाकाचे सहा स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे कसावेत. हॉर्नची संपर्कपट्टी आणि इंडिकेटर आपोआप बंद करणारा खटका असेल तर तो, जागेवर बसवावा. शेवटी गाडी उभी असताना चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे, वर-खाली ओढून पाहावे, प्रत्येक स्थितीत हॉर्न वाजवावा. सुमारे शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर नट व स्क्रू पुन्हा तपासावेत.

नकार कधी द्यावा?

बॉस खाचांवर डुलत असेल, दांड्याच्या खाचा झिजल्या असतील, किंवा जुन्या चाकाचा गाभा कापून त्यावर पट्टी वेल्ड करण्याचा आग्रह असेल, तर काम घेऊ नये. स्टिअरिंगला आधीच प्ले असेल तर प्रथम स्टिअरिंग बॉक्स व टाय रॉडचे सांधे दुरुस्त करावेत. नव्या चाकाने तो दोष जात नाही. एअरबॅग असलेल्या आधुनिक गाडीचे चाक तर बदलूच नये. मालक रागावून दुसरीकडे जाईल, एका कामाची मजुरी बुडेल. परंतु वळणावर चाक हातात सुटून आले, तर ते नुकसान कोणत्याही मजुरीने भरून निघत नाही.

मूळ चाक, नट, हॉर्नचे बटण हे सर्व कापडात गुंडाळून मालकाच्या स्वाधीन करावे आणि बिलावर तसे लिहावे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, खासगी वापराची आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. मालकाला उद्या ते जुने चाक परत बसवावेसे वाटेल. त्या दिवशी ते जपून ठेवायला सांगणाऱ्या मिस्त्रीचीच त्याला आठवण येईल, आणि कमी होत चाललेल्या या धंद्यात गिऱ्हाईक अशाच आठवणीवर टिकते.